महात्माजी आणि मुलांचे दूध

परवा पुण्याहून नातसुनेचा फोन आला. पणतू सात महिन्यांचा झाला आहे. अंगावरच्या दुधाबरोबर त्याला आता वरचे काही भरवायला लागायचे, एवढे सांगून ती जरा थांबली. मग हळूच म्हणाली की गाई-म्हशीचे दूध, दही, लोणी, तूप ह्यांतले काहीही त्याला द्यायचे नाही, असे दोघांनी मिळून ठरवले आहे. प्राण्याच्या अंगातून निघालेले काहीच खायचे नाही, असा तिचा आणि नातवाचा दोन वर्षांचा नेम आहे. ह्या आचाराला हल्ली व्हीगन म्हणतात. पण फोनचे खरे कारण वेगळेच होते. गांधीजींनी आपली मुले दुधावाचूनच वाढवली ना, आजोबा? तुम्ही एवढी वर्षे शाळेत इतिहास शिकवलात, तुम्हाला ठाऊक असेल, असे तिचे विचारणे.

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पाहून सांगतो म्हणालो. आमच्या हिने मात्र स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. चिकोडीच्या ह्या घरात सून म्हणून आल्यापासून दावणीला म्हैस नाही असा काळ तिने फार थोडा पाहिला आहे. दुधावाचून पोर वाढवायचे म्हणजे तिच्या दृष्टीने बिनपाण्याने रोप वाढवण्यासारखेच. आणि हे टिपण ज्या करवीरनगरीत वाचले जायचे, तिथे तर गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्या उभ्या धारोष्ण दुधाचा पेला रिचवणारी माणसे आहेत. त्यांच्यापुढे हा विषय काढायचा म्हणजे धाडसच. पण नातसुनेला शब्द दिला होता. कपाटातली जुनी पुस्तके खाली काढली आणि पंधरा दिवस त्यांतच गेले. जे हाती लागले ते तिला सांगितले, तेच इथे मांडतो.

गांधीजींचे चरित्र सर्वांना पाठ आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. त्यातला दुधाचा धागा तेवढा धरून चालू.

पोरबंदरला २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेला हा मुलगा कडक वैष्णव घरातला. आई पुतळीबाई व्रतवैकल्यांची. सूर्यदर्शन झाल्यावाचून अन्न घ्यायचे नाही असले चातुर्मासाचे नेम ती करी. १८८८ साली मुलगा विलायतेला निघाला तेव्हा बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी त्याला आईसमोर तीन शपथा घ्यायला लावल्या, त्यांत मांसाची एक. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींची गाठ पडली आणि मांस म्हणजे नेमके काय, ह्याच्या तीन व्याख्या ह्या तरुणापुढे आल्या. पहिलीप्रमाणे पशुपक्ष्यांचे मांस तेवढे वर्ज्य, मासे चालतील. दुसरीप्रमाणे सर्व जिवांचे मांस वर्ज्य, पण अंडी चालतील. तिसरीप्रमाणे प्राण्यापासून मिळणारे सारेच वर्ज्य, म्हणजे अंडीही गेली आणि दूधही गेले. सोयीची व्याख्या पाहून त्याने काही दिवस अंडी खाल्लीही. मग त्याच्या ध्यानात आले की शपथ आईपुढे घेतली आहे, तेव्हा तिच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच खरा. आईच्या लेखी अंडे हे मांसच होते. अंडी सुटली. दूध राहिले, कारण आईच्या लेखी दूध हे अमृत होते. शपथेचा अर्थ कोणाच्या मनातला धरायचा, हा प्रश्न पुढे तीस वर्षांनी त्यांच्यापुढे पुन्हा उभा राहिला. तेव्हा मात्र त्याचे उत्तर इतके सरळ आले नाही.

आता मुलांकडे येऊ. हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार मुलगे. १९०२ साली गांधीजी मुंबईत वकिली थाटायच्या खटपटीत गिरगावात बिऱ्हाड करून राहिले होते, तेव्हा मणिलाल विषमज्वराने आडवा झाला. मुलाचे वय दहाच्या आसपास. तापाबरोबर फुप्फुसांचा दाह, रात्री वात. पारशी डॉक्टर आले. औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचा रस्सा दिला तर मूल तगेल, असे त्यांनी सांगितले. गांधीजींनी सांगितले की आम्ही शाकाहारी आहोत. डॉक्टर म्हणाले की अनेक हिंदू घरांत मी हे देतो, ती माणसे आजारात हट्ट धरत नाहीत. मुलावर एवढे कठोर होऊ नका.

ह्या जागी मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या धाकट्या मुलाला असाच ताप आला होता. त्या वेळी डॉक्टरांनी काहीही सांगितले असते तर मी ते दिले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. गांधीजींनी मात्र दोन गोष्टी केल्या. मला मुलाची नाडी बघता येत नाही, तेव्हा ती बघण्यासाठी डॉक्टरांनी येत राहावे, उपचार मात्र मी माझे करीन, असे त्यांना सांगितले. आणि मग मणिलालला विचारले. दहा वर्षांच्या तापलेल्या पोराला विचारण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. मलाही तसे वाटते. पण विचारले हे खरे. मुलाने बापाच्याच उपचारांना संमती दिली आणि अंडी, रस्सा नको म्हणून सांगितले.

मग कुन्हे ह्या जर्मन उपचारकाच्या पद्धतीची कटिस्नाने, पाणी घातलेला संत्र्याचा रस, असे तीन दिवस गेले. ताप १०४ वर. रात्री मूल बडबडू लागले. बापाच्या मनात नाही नाही ते आले. लोक काय म्हणतील? थोरले बंधू काय म्हणतील? दुसरा डॉक्टर आणायला नको का? आपल्या मतांचे ओझे लेकरावर लादण्याचा आपल्याला काय अधिकार? एका रात्री ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून, वर घोंगडी घालून, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून, त्याला आईच्या स्वाधीन करून ते चौपाटीवर गेले. रामनाम घेत भटकले. परत आले तेव्हा मुलाला दरदरून घाम फुटला होता आणि ताप उतरणीला लागला होता. मणिलाल वाचला. पुढे दक्षिण आफ्रिकेत वडिलांचे वृत्तपत्र त्याने अनेक वर्षे चालवले आणि १९५६ साली तो वारला.

ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या शेवटची एक ओळ मात्र सहसा कोणी सांगत नाही. ताप उतरल्यावर चाळीस दिवस मुलाला कशावर ठेवले? पाणी घालून पातळ केलेले दूध आणि फळांचा रस, ह्यांवर. मणिलाल उठला तो दुधावर उठला. नातसुनेला मी पहिल्यांदा हेच सांगितले.

दूध सोडण्याचा विचार त्यांच्या मनात शिरला तो मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी. मुंबईचे जवाहिरे आणि जैन तत्त्वज्ञ रायचंदभाई ह्यांच्याकडून त्यांनी ऐकले होते की दुधाने विकार वाढतात. ब्रह्मचर्याच्या मागे लागलेल्या माणसाला एवढे पुरे होते. पुढे कलकत्त्याच्या गवळ्यांविषयीचा मजकूर त्यांच्या हाती पडला. जनावर आटले की त्याला यातना देऊन पान्हा सोडवायची फुका नावाची रीत तिथे चाले, तिचे त्यात वर्णन होते. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी ही गोष्ट आपले जर्मन मित्र कॅलनबाख ह्यांच्याजवळ काढली. कॅलनबाख म्हणाले, मग सोडूनच टाकू की. आणि दोघांनी तिथल्या तिथे दूध सोडले. लवकरच शिजवलेले अन्नही गेले. उरले कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्हचे तेल.

टॉलस्टॉय फार्म ही जागा जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर, अकराशे एकरांची. १९१० साली कॅलनबाख ह्यांनी ती सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी मोकळी करून दिली. संत्री, जर्दाळू, आलुबुखार अशी हजारेक झाडे. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींची वीस-तीस मुले तिथे होती. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळी. स्वयंपाकघर एकच. मांसाचा प्रश्न आलाच. इथे गांधीजींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. कोणी मांस मागितले, अगदी गोमांसही मागितले, तरी ते पुरवणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी आधी स्वतःच्या मनाशी पक्के केले आणि मग बायकांना, तुरुंगातून परतलेल्या त्यांच्या नवऱ्यांना विचारले. सगळ्यांनी शाकाहाराला हो म्हटले.

जेवण साधे. सकाळी सहाला पाव आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी. अकराला भात, डाळ, भाजी. संध्याकाळी साडेपाचला गव्हाची लापशी आणि दूध, नाही तर पुन्हा पाव-कॉफी. पीठ हातजात्यावर घरीच दळलेले, शेंगदाण्याचे लोणी घरी केलेले, संत्र्यांचा मुरंबाही घरचाच. हा दिनक्रम त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि त्यात मुलांच्या पंगतीला लापशीबरोबर दूध आहे. दुधाची शपथ दोघा प्रौढ माणसांची होती.

ह्याचा अर्थ मुलांच्या ताटाशी त्यांनी खेळ केला नाही असा नव्हे. केला. फिनिक्सच्या आश्रमात काही मुलांनी अळणी जेवणाचा नेम घेतला. बापू करतात म्हणून आपणही करायचे, एवढेच मुलांचे कारण. मग व्हायचे ते झाले. काही जणांनी डर्बनहून चमचमीत पदार्थ गुपचूप मागवून खाल्ले आणि विचारल्यावर कानावर हात ठेवले. शेवटी लहानग्या देवदासने कबूल केले. गांधीजींनी मुलांना मारले नाही. स्वतःच्याच गालावर फाडफाड चपराका मारून घेतल्या. आश्रमातल्या एका सहकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. ते वाचताना मला त्या मुलांचीच कीव आली. बापाने आपल्याला मारलेले पोर विसरते; आपल्यापायी बापाने स्वतःला मारलेले ते कसे विसरणार? आठ-दहा वर्षांच्या जिभेला मीठ हवेसे वाटते ह्यात त्या जिभेचा काय दोष होता?

आमच्या भागातल्या वाचकांना व्रत आणि मूल ह्यांतला हा फरक सांगायला नको. चिकोडीच्या अवतीभोवती गावोगाव जैन घरे आहेत. भोजचे सातगौडा पाटील, जे पुढे आचार्य शांतिसागर महाराज म्हणून भारतभर पूजले गेले आणि १९५५ साली कुंथलगिरीला ज्यांनी सल्लेखनेने देह ठेवला, ते आमच्याच मुलखातले. जैन साधूंमध्ये रसपरित्याग नावाचे तप आहे. दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ असे रस ते एकेक करून सोडतात. पण ते कोणी? संसार सोडलेल्या जाणत्या माणसाने. त्याच घरच्या पाळण्यातल्या लेकराच्या तोंडचे दूध कोणी तपाच्या नावाखाली काढून घेतलेले मी तरी पाहिले नाही.

असो. १९१५ साली गांधीजी हिंदुस्थानात परतले. दुधाची शपथ चालू होती. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू ह्यांवर ते राहत. प्रकृती नरम होती. त्यात सणाच्या दिवशी कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी आणि मूग पुढे केले. जेवायचे नव्हते, पण मोह झाला. थोडे म्हणता म्हणता पोटभर खाणे झाले. तासाभरात आमांशाने गाठले. हा दुखण्याचा फेरा महिनोन् महिने चालला. आता आपण जातो असे त्यांना वाटू लागले. वैद्य झाले, डॉक्टर झाले. केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ आले, त्यांनी अंगभर बर्फ लावण्याचा उपचार केला. त्याने थोडी हुशारी आली. अंडी घ्या म्हणून तेही सांगून पाहत होते. ती अर्थातच घेतली नाहीत.

शेवटी १९१९च्या आरंभी मुंबईच्या डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया करायचे ठरवले. दूध घेतल्यावाचून शरीर भरून निघणार नाही, असे त्यांचे निक्षून सांगणे. गांधीजी म्हणाले, शपथ आहे. कसली शपथ, म्हणून डॉक्टरांनी विचारले. सारी हकीकत ऐकली. फुक्याचे अघोरी प्रकार होतात ते गाई-म्हशींवर. कस्तुरबा खाटेशेजारीच उभ्या होत्या. त्या चटकन म्हणाल्या की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तेच उचलून धरले.

लाखोंच्या सभा हलवणाऱ्या माणसाला जे सुचले नाही ते ह्या माउलीला सुचले. ह्याचे कारण मला वाटते की तिने चार मुलांची आजारपणे काढली होती. आजाऱ्याच्या पोटात काहीतरी गेले पाहिजे, हे तिला शपथेच्या आधी दिसे. आणि तिला व्रत कळत नव्हते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत ती स्वतः मरणाच्या दारात असताना डॉक्टरांनी गोमांसाचा काढा सुचवला, तेव्हा तुमच्या मांडीवर मरेन पण हे घेणार नाही, असे तिने नवऱ्याला बजावले होते. स्वतःच्या देहापुरती ती त्याच्याहून तसूभर कमी नव्हती.

गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. पण लंडनची ती जुनी कसोटी त्यांना सुखाने बसू देईना. शपथ घेताना आपल्या मनात गाय-म्हैसच होती, हे खरे. परंतु दूध म्हणजे सगळेच दूध, हा शपथेचा आत्मा होता. शब्द पाळला, आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी जन्मभर बाळगली आणि उघडपणे लिहिली. जगायची इच्छा, रौलट कायद्याविरुद्धच्या लढ्याची ओढ, ह्यांनी आपल्याला जिंकले, असे ते म्हणत.

पाच वर्षांनी ते आमच्या जिल्ह्यात आले. डिसेंबर १९२४चे बेळगावचे काँग्रेस अधिवेशन. त्यांनी अध्यक्षपद भूषवले असे हे एकच. गंगाधरराव देशपांड्यांनी सारा जिल्हा कामाला लावला होता. माझे आजोबा चिकोडी रोड स्टेशनावरून गाडीने गेले होते. त्याच मांडवात गोरक्षण परिषदही भरली आणि तिचे अध्यक्षही गांधीजीच. आजोबांना ह्याची फार मौज वाटे. गाईच्या दुधाचा थेंब न घेणारा माणूस गाईच्या परिषदेचा अध्यक्ष! पण त्यात विसंगती नव्हती. गाईला वाचवायचे तर तिला नीट पोसून, चांगले दूध काढून, मेल्यावर कातडेही उपयोगात आणून वाचवले पाहिजे, असे त्यांचे रोखठोक अर्थशास्त्र होते. साबरमतीला त्यांनी गोशाळा काढली ती दुधासाठीच.

आणि आता ह्या साऱ्या कथेतला गाभा. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आरोग्यावर एक लेखमाला लिहिली होती. तिचे पुस्तक झाले. त्यांच्या लिखाणात हे पुस्तक देशात नि परदेशात सर्वांत जास्त वाचले गेले. त्यात त्यांनी दुधाविरुद्ध मत दिले होते आणि ते वाचून अनेकांनी दूध सोडले होते. आत्मचरित्रात, म्हणजे १९२५ ते १९२९च्या काळात, त्यांनी ह्या लोकांना उघड सांगितले की माझ्या भरवशावर ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, स्वतःला त्याचा सर्व तऱ्हेने फायदा दिसत नसेल किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला नसेल, तर हा प्रयोग पुढे ताणू नये. पचन दुबळे असलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना दुधासारखे हलके आणि पोषक दुसरे काही आपल्याला आढळले नाही, अशी कबुलीही दिली. वनस्पतींमध्ये दुधाची जागा घेईल असे काही कोणा वैद्याला, डॉक्टरला, अनुभवी माणसाला ठाऊक असेल तर कळवा, अशी विनंतीही केली.

मत बदलणारे पुढारी पुष्कळ पाहिले. पण आपले मत ज्यांनी घरी नेले, ज्यांच्या चुलीपर्यंत ते पोचले, त्यांच्यामागे जाऊन ते परत मागून घेणारा माणूस मला दुसरा आठवत नाही. हे त्यांनी दुसऱ्यांच्या देहाचा विचार करून केले. स्वतःपुरती ओढ तशीच होती. संधी मिळाली की दूध सोडायचे, हे स्वप्न त्यांनी कधी सोडले नाही.

मार्च १९२७च्या अखेरीस खादीच्या दौऱ्यात ते कोल्हापूरला आले. सभांमागून सभा झाल्या. निपाणीला येईपर्यंत देह ढासळला, रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. पुढचा दौरा मोडला; आंबोलीला आणि नंतर म्हैसूर संस्थानातल्या नंदीच्या डोंगरावर त्यांना ठेवावे लागले. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यातच होती, अलीकडे तिचा तालुका वेगळा झाला. माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे. चार-पाच जणांबरोबर ते चालत निपाणीला गेले. दर्शन झाले नाही. परतीच्या वाटेवर मंडळींत चर्चा एकच: एवढे हिंडणाऱ्या माणसाला शेळीच्या दुधावर कसे भागावे? म्हशीचे दूध प्याले असते तर पडले नसते, असा आमच्या चिकोडीकरांचा एकमुखी निर्णय झाल्याचे वडील हसत सांगत.

पण शोध थांबला नाही. १९२९ साली साबरमतीला त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, हरभरे, कच्ची भाजी, नारळाचे दूध. काही आश्रमवासीही त्यात होते. पोटे बिघडली, स्वतःलाही आमांश झाला, आणि प्रयोग फसला असे त्यांनी छापून टाकले. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन शिजू लागले. आपल्या विदर्भात आज सोयाबीनची शेते पसरली आहेत. पण त्या वेळी ते कसे शिजवायचे इथपासून तयारी होती. १९४२ साली पुण्याच्या आगाखान वाड्यात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर दुसरे छोटे पुस्तक लिहिले. त्यात पहिल्या प्रथम ते मान्य करतात की दूध हे प्राण्यापासूनचे अन्न आहे, शुद्ध शाकाहारात ते बसत नाही. आणि तरीही बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराची यादी देताना तीत पहिली नोंद करतात ती दोन पौंड गाईच्या दुधाची. १९४४च्या फेब्रुवारीत त्याच वाड्यात कस्तुरबा गेल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन ह्यांनी दूधही वर्ज्य मानणाऱ्या मंडळींसाठी व्हीगन हा शब्द बनवला.

३० जानेवारी १९४८च्या संध्याकाळच्या त्यांच्या शेवटच्या आहारातही शेळीचे दूध होते.

त्याच वर्षीच्या एप्रिलात, अमेरिकेत आणि इंग्लंडात जवळजवळ एकाच वेळी, रसायनशास्त्रज्ञांनी यकृतापासून लाल रंगाचे बारीक स्फटिक वेगळे काढले. हेच बी-१२ जीवनसत्त्व. ते फक्त जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या मांसात, दुधात, अंड्यात ते उतरते, धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही, शेंगदाण्यात नाही. बापूंनी वैद्य-डॉक्टरांना जे विचारले होते त्याचे उत्तर असे त्यांच्यामागे अडीच महिन्यांनी आले. मोठ्या माणसाच्या यकृतात ह्या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून दूध सोडलेला प्रौढ माणूस बराच काळ ठणठणीत दिसतो. गांधीजींना पहिली काही वर्षे काही जाणवले नाही त्याचे एक कारण हे असू शकेल. १९१८चा आजार मात्र आमांशाचा होता, त्याची सांगड ह्याच्याशी घालणे उतावळेपणाचे होईल.

तान्ह्या मुलाजवळ असला साठा नसतो. आईच्या अंगात जेवढे, तेवढेच त्याला. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ह्यावर लिहिले आहे. अंगावर पिणारी, वरून गुटगुटीत दिसणारी मुले. पण आईच्याच रक्तात हे जीवनसत्त्व कमी. मूल फिकट पडते, हसायचे थांबते, धरू लागलेली मान सोडते, बोटांच्या पेरांची कातडी काळवंडते, हातपाय कापतात. जीवनसत्त्व टोचले की थोड्याच दिवसांत पुन्हा डोळ्यांत तेज येते. पण उशीर झाला तर काही उणीव राहून जाते.

हे वाचल्यावर पणत्याच्या आधी मला नातसुनेची काळजी लागली. दोन वर्षे दूध नाही, त्यात बाळंतपण. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला आणि गोळी घेतेस का म्हणून विचारले. गरोदरपणी घेत होते, बाळ झाल्यावर राहून गेली, असे ती म्हणाली. मी रागावलो नाही. रक्त तपासून घे एवढेच सांगितले. ते कमी भरले. आता तिला इंजेक्शने चालू आहेत, बाळाला थेंब. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की मूल दुधावाचून वाढवायचे असेल तर वाढवता येते, पण हे थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत, लोहाकडे नि चुन्याकडे लक्ष ठेवायचे, अंगावर पाजणे लवकर तोडायचे नाही, आणि घरी दळलेल्या बदामाच्या किंवा तांदळाच्या पांढऱ्या पाण्याला दूध समजायचे नाही.

आमच्या हिचा विरोध अजून मावळलेला नाही. तरी तिने नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, जात्यावर दळून पीठ केले आहे. नाचणीइतका चुना दुसऱ्या धान्यात नाही हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. तिच्या आईने तिच्या भावंडांना तेच भरवले होते. बरोबर मुगाच्या डाळीचे भाजलेले पीठ, तिळाची बारीक पूड आणि चिकोडीच्या बाजारातला गूळ बांधला. गूळ वर्षाच्या आत द्यायचा नाही, असे पुण्याहून कळल्यावर तो बाजूला काढून ठेवला. तुपाची छोटी बरणी पुडक्यात सरकवताना मी तिला पाहिले. काही बोललो नाही. मग तिनेच ती पुन्हा बाहेर काढली आणि फडताळात ठेवली.

पुडके मंगळवारी एसटीने गेले. सोमवारी बाळाचे वजन करायचे आहे. आकडा कळव, असे मी सांगून ठेवले आहे.